स्त्रीपर्व, दुपारी तीन वाजता : खाडीकाठच्या एका ग्रंथालयाचं प्रकरण

मालवण तालुक्यात खाडीला लागून असलेल्या एका गावातलं हे प्रकरण. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे भावकी आणि मानपान यायचं आहे, आणि त्यातली माणसं अजून एकमेकांच्या पडवीत बसतात. संहिता बांधून द्यायला मला बोलावलं होतं, त्यामुळे तालमीपासून हिशेबाच्या बैठकीपर्यंतचं बरंचसं डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

ग्रंथालय 'क' वर्गाचं. म्हणजे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता, अनुदान हप्त्याहप्त्याने, अर्ध्या पगारात पूर्ण दिवस राबणाऱ्या एक ग्रंथपाल बाई, आणि सभासदांत बरेचसे असे की ज्यांची वर्गणी मुंबईतला मुलगा भरतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कौलं उडाली. खालच्या फळ्यांवरची पुस्तकं भिजून फुगली, मग त्यांना बुरशी आली. कादंबऱ्या गेल्या, कारण हाताला लागतील अशा त्याच खाली ठेवलेल्या. शाबूत राहिले ते वरच्या फळीवरचे जाडजूड, कोणी न मागितलेले ग्रंथ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणकर आणि मंडळींनी काढलेल्या महाभारताच्या मराठी भाषांतराचे काही खंड त्यातच होते.

ग्रंथालयाच्या बाजूला जुनी चावडी आहे आणि तिच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी. अशा पाट्या महाराष्ट्रात गावोगाव आहेत, कोकणातही आहेत : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके जण गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, बस्स. नाव एकही नाही.

सुरुवात झाली ती वाचन प्रेरणा दिनावरून. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, तो करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो कसा होतो ते सांगायची गरज नाही : फोटोला हार, शाळेतली मुलं ओळीने बसवून पुस्तक हातात, फोटो, अहवाल. ग्रंथालयाचे चिटणीस निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की मुलांना पुस्तक धरायला शिकवून काय उपयोग, गावाला एकत्र बसून काहीतरी ऐकायला लावू. काय ऐकायचं, तर पाटीवरची माणसं कोण होती ते. आणि ज्या घरांत ती परतली नाहीत तिथे पुढे काय झालं असेल, ते सांगायला आपल्याकडे महाभारताचं अकरावं पर्व, स्त्रीपर्व, आहेच; आणि ते करायला दशावतारी मंडळ, म्हणजे जत्रेत पुराणातली नाटकं करणारी मंडळी.

तारखेपासूनच अडलं. १५ ऑक्टोबरला तळकोकणात भातकापणी अंगावर असते. वर दुपारी ऊन आणि संध्याकाळी गडगडाट, त्यामुळे कापलेलं भात घरात घेईपर्यंत कोणाला कार्यक्रम सुचत नाही. कार्यक्रम त्रिपुरी पौर्णिमेच्या पुढे ढकलला, तर तिथून जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळांच्या रात्री वैशाखापर्यंत बांधलेल्या. मंडळाच्या मालकांनी शेवटी मोकळी वेळ दिली ती दुपारची, दोन जत्रांच्या मधली. रंग लावायचा नाही, पेटारा उघडायचा नाही, रात्रीसाठी गळा राखून जेवढं होईल तेवढं. ही अडचण पुढे सोय ठरली.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते हे इथे कोणाला सांगावं लागत नाही, पण प्रकरणाचा सगळा पेच त्यातच आहे. मालक संध्याकाळी आख्यान सांगतो, राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा, कोण, स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारा पुरुष, कोण ते ठरतं, आणि रंगपटात तोंडाला रंग लावता लावता नट आपसात प्रवेश जुळवतात. संवाद उभ्या उभ्या. पेटी, मृदंग, झांज यांना खुणा कळतात. मंडळातले ज्येष्ठ स्त्रीपार्टी नट, त्यांना सगळे बुवा म्हणतात, तारामतीच्या विलापासाठी नावाजलेले. गुरुजींनी त्यांना अभिमन्यूची बायको उत्तरा हिचं काम सांगितलं. अभिमन्यू पडलेला आहे, युद्ध संपलेलं आहे, आणि ती रणांगणावर येते.

पहिल्या तालमीला बुवांनी जे केलं ते उत्तम होतं. पदर डोक्यावरून ओढून बसले, पेटीवाल्याने सूर धरला, 'नाथा' म्हणून हाक घातली, आणि पडवीत बसलेल्या माणसांनी टाळ्या दिल्या. दोन पोरांनी शिटी मारली. गुरुजी गप्प. बुवाच म्हणाले, "गुरुजी, लढाय सांगा, रातभर करतंव. पण ह्यां रडणां माका सुचणा नाय. ह्यां तारामतीचां झालां."

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. त्यावर थोडं थांबतो.

युद्ध तोंडी चालतं. दोन वीर समोरासमोर आले की आव्हान, प्रत्युत्तर, वंशाचा उल्लेख, शस्त्राचा उल्लेख, मग मृदंगावर लढाई. ही चौकट इतकी पक्की आहे की त्यात चांगला नट रात्रभर नवं बोलू शकतो. हरिश्चंद्राच्या आख्यानात शोकही चालतो, लोक खरोखर रडतात. पण तिथे रोहिदास उठणार आहे हे पहिल्या हाकेपासून सगळ्यांना माहीत असतं. स्त्रीपर्वात कोणीच उठत नाही. तिथे उभ्या उभ्या बोलायला गेलं की जीभ तयार वाक्यांकडे वळते : नाथा, प्राणनाथा, कुणाच्या आधारावर जगू. त्यात खोटं काही नाही, पण ते कोणाचंही कोणासाठीही रडणं होतं.

पुस्तकात काय आहे? व्यासांनी दिलेल्या दिव्यदृष्टीने गांधारी लांबूनच रणांगण पाहते आणि कृष्णाला एकेक दाखवत जाते. बायका कापलेली शिरं धडांना लावून पाहताहेत, आणि हे धड याचं नव्हे म्हणून पुन्हा शोधताहेत. उत्तरा अभिमन्यूचं सोन्याचं चिलखत उतरवते, रक्ताने माखलेलं अंग बघते, डोकं मांडीवर घेते, केस सारखे करते, आणि जणू तो ऐकतोय असं त्याच्याशी बोलते. त्या बोलण्यात एक वाक्य येतं : तुझा-माझा सहवास एवढाच नेमलेला होता, सहा महिन्यांचा, सातव्यात तू गेलास.

'सहा महिने' हे कोणत्याही नटाला रंगमंचावर सुचणार नाही. सुचलं तरी तो बोलणार नाही, कारण शोकाच्या भरात हिशोब कोण करतं? प्रत्यक्षात सगळे करतात. लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं. मोठ्या दुःखाला लिहिलेला मजकूर लागतो, आणि तो जसाच्या तसा लागतो, असं मला तेव्हापासून वाटायला लागलं.

मग ठरलं की पुस्तक रंगमंचावर आणायचं. अभिवाचन हल्ली पुण्या-मुंबईत पुष्कळ होतं, त्यात अप्रूप नाही. इथे अडचण वेगळी होती : बुवा चौथीपर्यंत शिकलेले, छापील मजकूर अडखळत वाचतात, आणि लोकांसमोर अडखळायला तयार नाहीत. पाठ करायला वेळ नाही. तोडगा ग्रंथपाल बाईंनी काढला. नववीतली एक मुलगी पुस्तक घेऊन बाजूला बसेल आणि एकेक वाक्य सपाट आवाजात, शाळेत धडा वाचतात तसं, वाचेल. बुवा ते ऐकतील आणि मग बोलतील. प्रेक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येईल.

कागदावर हे कंटाळवाणं वाटतं. मीही विरोध केला होता, की लय मोडेल. प्रत्यक्षात असं झालं की मुलीच्या आवाजात वाक्याचा अर्थ आधीच पोचत होता, त्यामुळे बुवांना अर्थ पोचवायचं ओझं राहिलं नाही. ते फक्त ते वाक्य सोसत होते. कधी कधी मुलीने वाचलेलं वाक्य ते बोललेच नाहीत, नुसते बसून राहिले, आणि मुलगी पुढच्या वाक्यावर गेली. ही त्यांची स्वतःची भर. संहितेत नव्हती.

मजकूर मी जुन्या भाषांतरावरून सोप्या मराठीत उतरवला, आणि मधे श्रीधरस्वामींच्या 'पांडवप्रतापा'तल्या काही ओव्या घेतल्या, कारण गावातल्या म्हाताऱ्यांच्या कानांत त्या आहेत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा ग्रंथ चातुर्मासात घराघरांत वाचला जायचा. एकजण वाचणार, बाकीचे वाती वळत ऐकणार. काय गाळलं तेही सांगतो. कौरवांकडून लढलेल्या भूरिश्रव्याची बायको त्याच्या तुटलेल्या हाताशी बोलते, त्या हाताच्या शृंगाराच्या आठवणी काढते, तो श्लोक काव्यशास्त्राचे पंडित हजाराहून जास्त वर्षं उदाहरण म्हणून देत आले आहेत. सासू-सुनांनी भरलेल्या पडवीत नववीतल्या मुलीने तो वाचावा असं एकालाही वाटलं नाही, आणि चर्चा न करताच पान उलटलं गेलं.

आता नावांचा भाग. बारावी होऊन जहाजावरच्या कोर्सची वाट बघत बसलेला एक मुलगा ग्रंथालयात यायचा तो पंख्यासाठी आणि वायफायसाठी. पुस्तक हातात घेतलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्याने मोबाईलवर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या शिपायांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची, यादी उघडली. तिथे शिपायाची पलटण, क्रमांक, मृत्यूची तारीख आणि स्मारक मिळतं, आणि बऱ्याच हिंदी शिपायांच्या नोंदीत अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा रत्नागिरी असंही असतं. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे जुनं सगळं रत्नागिरीतच सापडतं. गावाचं स्पेलिंग साहेबाच्या कानाने केलेलं. कुठे 'वाडी' गळलेली, कुठे आडनावाचा शेवट गेलेला. तो मुलगा मोठ्याने निरनिराळे उच्चार करून बघायचा आणि तसं टाईप करायचा. पावसाळ्यात त्याने जेवढं वाचलं तेवढं त्या ग्रंथालयात कोणी वाचलं नसेल, पण देवघेव नोंदवहीत त्याच्या नावापुढे एकही पुस्तक नाही.

नावं मिळाली ती बहुतेक मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकमधली. १०३ आणि ११० या मराठा पलटणी जनरल टाऊनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार. घोड्याचं मांस खायला बरेच हिंदी शिपाई तयार नव्हते, स्कर्व्हीने आजारी पडले. मग शरणागती, आणि वाळवंटातून कैद्यांची पायपीट. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांवर लोकांचं स्मारक बसऱ्याला उभारलं. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, पण साध्या हिंदी शिपायांचा प्रत्येक पलटणीखाली फक्त आकडा. नावं कागदावर राहिली. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव कबूल केला. म्हणजे चावडीच्या भिंतीवर आकडा आणि बसऱ्याच्या भिंतीवरही आकडाच.

यादी तयार झाली आणि भांडण सुरू झालं. कोणाचं नाव आधी? जत्रेत पालखीला खांदा कोणाचा, नारळ कोणाचा, हे जिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे, तिथे मेलेल्यांची यादीही मानकऱ्यांपासून सुरू व्हावी असं दोघातिघांनी सुचवलं. बौद्धवाडीतून वेगळाच प्रश्न आला : पाटीवरच्या गेलेल्यांत आमचे धरलेत की नाही? प्रश्न रास्त होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या महारांची मुंबई लष्करातली परंपरा जुनी. आंबेडकरांचे वडील सुभेदार होते ते याच परंपरेत. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती बंद केली आणि महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी केली. १९२१ मध्ये मोडूनही टाकली. शिवाय हमाल, खेचरवाले, पाणके म्हणून गेलेले वेगळेच. पाटी काहीच सांगत नाही. मुसलमानवाडीनेही विचारलं, कारण तिथले खलाशी बोटींबरोबर बुडाले. त्यांचं स्मारक मुंबईत, मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये.

क्रमाचा तंटा गुरुजींनी एका फटक्यात मिटवला. नावं मृत्यूच्या तारखेप्रमाणे वाचायची. जो आधी गेला तो आधी. यावर मानकऱ्यांनाही बोलायला जागा उरली नाही. गावातली एवढी एकच यादी मी पाहिली आहे जिच्यात आडनावावरून पुढे-मागे झालेलं नाही. पलटणीतला नव्हे तो हमाल किंवा खलाशीही त्यातच घेतला, नोंद किंवा घरात कागद असेल तर. तरी पाटीवरच्या आकड्याएवढी नावं भरली नाहीत.

तालमींच्या शेवटी खरा अवघड प्रसंग आला. गावात एक काकी आहेत. त्यांचे यजमान १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेत होते. ती सेना १९९० मध्ये परतली तोवर अकराशेहून जास्त भारतीय जवान तिथे मारले गेले होते. यजमान गेल्याची तार आली तेव्हा काकींच्या लग्नाला चार महिने झाले होते. त्या सातवी शिकलेल्या, तरी तार पोस्टमनने वाचून दाखवली. कोकणात ती रीतच होती, लढाईवरून आलेला कागद दुसऱ्याने वाचायचा. काकी कार्यक्रमाला येणार हे कळल्यावर कार्यकारिणीत चर्चा झाली की सहा महिन्यांचं वाक्य काढून टाकावं. मीही काढायच्या बाजूने झुकलो होतो. गुरुजी म्हणाले, त्यांनाच विचारू. विचारायला कोण जाणार, यावर पुन्हा चर्चा. शेवटी ग्रंथपाल बाई गेल्या, ते पान घेऊन, आणि काकींना वाचून दाखवलं. काकी नारळ खवत होत्या. थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "वाचा तां. तिका सा म्हयने तरी गावले."

वाक्य राहिलं.

कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात झाला, दुपारी तीनला. दिवसाउजेडी, रंग न लावलेले बुवा धोतर-सदऱ्यात. मृदंग नाही, पेटी नाही, प्रत्येक नावाला एक झांज. गांधारीचा शाप, छत्तिसाव्या वर्षी यादव आपसात लढून मरतील हा, मंडळाच्या मालकांनी स्वतः म्हटला आणि तो लोकांना सगळ्यात आवडला, कारण तो दशावताराच्या जवळचा होता. नावांच्या वेळी मात्र माणसं नीट ऐकत होती असं म्हणवत नाही. प्रत्येक जण आपल्या घरचं नाव येईपर्यंत ऐकत होता आणि मग शेजाऱ्याशी बोलत होता. मला ते गैर वाटलं नाही. मंडपात कुजबुज होती ती नात्यांची होती : हा तुझ्या पणज्याचा भाऊ, हा आमच्या वरच्या घरातला. टाळ्या झाल्या नाहीत. बुवांना त्याचं वाईट वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

वाचनाचं काय झालं? ज्यांना 'एका कार्यक्रमाने वाचनसंस्कृती बहरली' असं ऐकायचं असेल त्यांची निराशा होईल. स्त्रीपर्वाचा खंड त्यानंतर तिघांनी नेला, त्यातल्या एकाने न वाचता परत केला. देवघेव वाढली नाही. सुरू झालं ते वेगळंच : शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या पडवीत तासभर कोणीतरी मोठ्याने वाचतं. ऐकायला येतात त्या मोतीबिंदू झालेल्या बायका, बोटीवरून सुट्टीवर आलेले दोघे-तिघे, आणि अभ्यासातून सुटका म्हणून आलेली मुलं. आधी 'पांडवप्रताप' चाललं, मग बायकांनीच आता दुसरं काहीतरी वाचा म्हटलं. वाचणारी बहुधा तीच नववीतली, आता दहावीतली, मुलगी. मोबाईलवाला मुलगा दोनदा वाचायला बसला, पण फार भरभर वाचतो म्हणून उठवला.

तपासणीला आलेले अधिकारी सज्जन होते. त्यांनी दाखल पुस्तकं, सभासद, नियतकालिकं, देवघेव पाहिली आणि शनिवारचं ऐकून बरं वाटलं म्हणाले. पण ऐकणाऱ्यांचा रकाना नाही. बाईंनी मग ऐकायला येणाऱ्यांच्या सह्या वाचनकक्षाच्या हजेरीत घेतल्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे. यात नियमाबाहेरचं काही आहे असं मला वाटत नाही. वाचनाचं भवितव्य म्हणून जेवढी चर्चासत्रं होतात त्यात छापील की पडद्यावरचं हाच वाद चालतो, आणि या गावात नावं पडद्यावर सापडली, शोक छापील पुस्तकात सापडला, पण दोन्ही माणसांपर्यंत पोचलं कोणीतरी मोठ्याने वाचल्यावर. रकाना लागेल तो या तिसऱ्या गोष्टीला.

मंडळाने स्त्रीपर्व आपल्या आख्यानांत घ्यावं अशी गुरुजींची इच्छा होती. मालकांनी नकार दिला. "जत्रेत लोक हसाक येतत, लढाय बघूक येतत. देवासमोर ह्यां चलाचां नाय." त्यांचं बरोबर आहे. ट्रिकसीनच्या, म्हणजे रंगमंचावरच्या करामतींच्या, जमान्यात जे मंडळ रात्रीमागून रात्र तगून आहे त्याच्या पोटावर हा प्रयोग लादण्यात अर्थ नव्हता.

आता शेजारच्या दोन गावांतून संहिता मागितली आहे. ती दिली. सोबत सांगितलं ते एवढंच. नावांची यादी आमची चालणार नाही, तुमची तुम्ही काढा, आणि ती गणपतीच्या आधी सुरू करा, कारण नोंदी जुळवण्यात पावसाळा जातो. शोधताना गावापेक्षा तालुक्याच्या नावाने शोधा, स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी करून बघा, आणि बापाचं नाव जुळल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊन काही सांगू नका. नट वाचणारा नसला तर वाचणारा शेजारी बसवा. आणि मंडळाची बिदागी त्याच दुपारी द्या. आमच्या गावात ती हप्त्यांत गेली आणि त्यावरून झालेली बोलाचाली अजून पुरती मिटलेली नाही.